आचऱ्याला कार्बन पकडला ती दुपार

मला हसू येतं ते नेहमी भलत्या वेळी येतं. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत यायचं, लग्नात अंतरपाट धरलेला असताना यायचं. नवऱ्याच्या मावशीच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवता शिवेना, आणि शेवटी शिवला तो भटजींच्या पिशवीतल्या केळ्याला. सगळे हात जोडून गंभीर उभे, आणि मी पदर तोंडात कोंबून माडाच्या मागे. असं हसू जिला येतं तिने चारचौघांत उभं राहून बोलू नये, एवढं शहाणपण मला लवकर आलं होतं. म्हणून मालवणच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागले तेव्हा बरं वाटलं. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, प्रयोगाचं सामान मांडून ठेवायचं. बोलायचं काम सरांचं.

सर म्हणजे आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण मला मावशी म्हणतात. अठरा वर्षं मी त्यांचे तास मागच्या दाराशी उभी राहून ऐकले. मुलं बदलत गेली, मी तीच. शेवटी शेवटी सर एखादा शब्द विसरले की मी मनातल्या मनात तो पुरवायची.

एका हिवाळ्यात कॉलेजने ठरवलं की विज्ञानातला एकेक नवा विषय गावोगावी जाऊन मराठीत सांगायचा. पहिलं गाव आचरा, आणि पहिला विषय सरांनी निवडला: हवेतला कार्बन पकडणं, साठवणं आणि वापरणं. त्यांनी बारा पानी भाषण लिहून काढलं. सगळं तयार होतं. आदल्या दिवशी कॉलेजच्या क्रीडास्पर्धा होत्या आणि सर कबड्डीचे पंच. दिवसभर ओरडले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत आले, तोंड उघडलं, आणि सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज आला.

मी म्हटलं, "सर, आज राहू दे. दुसऱ्या दिवशी जाऊया."

त्यांनी मान हलवली. खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, "देवळात सगळ्यांना सांगून झालंय. तुम्ही वाचा."

"मी? काय वाचू?"

त्यांनी ती बारा पानं माझ्या हातात ठेवली.

माझा नवरा रिक्षा चालवतो. त्याच्याच रिक्षाने आम्हांला जायचं होतं. मी त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तू बोलतलंस?"

"वाचतलंय नुसता. पण हसू इला तर?"

"येवंदे. हसलेल्याक कोण खाऊक येणा नाय."

एका गोष्टीची मात्र मला खात्री होती. सरांना भाषणात चुन्याच्या निवळीचा प्रयोग दाखवायचा होता आणि ते काम माझं होतं. चुना पाण्यात ढवळायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी गाळून घ्यायचं. त्या पाण्यात नळीने फुंकलं की आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला धरतो आणि पाणी दुधासारखं पांढरं होतं. म्हणजे डोळ्याला न दिसणारा वायू डोळ्यांदेखत पकडला जातो. हा प्रयोग मी इतक्या वेळा मांडून दिला होता की झोपेतही केला असता. कपाटातला चुना काढला, निवळी केली, बाटलीत भरली, बूच लावलं, आणि आम्ही निघालो. वाटेत सरांनी खुणेने रिक्षा थांबवून गोटी सोड्याच्या बाटल्यांचा एक खोका घेतला. सोडा कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही, सांगता येतही नव्हतं.

देवळाच्या सभामंडपात चार वाजता बऱ्यापैकी माणसं जमली होती. भात कापून झालेलं, कुळीथ पेरलेले, त्यामुळे शेतीवाले मोकळे होते. सकाळचे मासे विकून झालेल्या चार-पाच बायका आल्या होत्या. त्यातली एक म्हातारी पुढेच बसली, रिकाम्या टोपलीला टेकून. तोंडात पान, नजर अशी की बांगडा शिळा आहे का ताजा हे लांबून सांगेल. तिच्या बाजूला खुर्चीवर एक ताठ बसलेले काका होते. सगळी नोकरी त्यांनी परदेशी बोटींवर केली होती आणि आता माडांना पाणी घालत गावात राहत होते.

मी उभी राहिले. पोटात कुठेतरी हसू उकळायला लागलं होतं. मी घाईने पहिलं वाक्य वाचलं, "वातावरणातील कर्बद्विप्राणिल वायूचे वर्धमान प्रमाण लक्षात घेता औद्योगिक स्रोतांपासून उत्सर्जित होणाऱ्या सदर वायूचे प्रग्रहण, संचयन व उपयोजन करणे क्रमप्राप्त ठरते."

म्हातारीने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "बाये, ह्या तू कोणाक सांगतंस?"

"तुमकाच."

"मगे आमच्या भाषेत सांग."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि तळहात खाली केला. ठेवा ती पानं. मी बाराच्या बारा पानं सोड्याच्या खोक्याखाली सरकवली. अंगावरून ओझं उतरावं तसं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की आता माझ्याकडे काहीच नाही.

मी विचारलं, "चुलीचो धूर खंय जाता?"

"वर," दोघी-तिघी म्हणाल्या.

"आणि मगे?"

बायकांनी वर घुमटाकडे पाहिलं. मी सांगत गेले. धुरात एक वायू असतो, तो दिसत नाही, त्याला वास नाही. आपल्या श्वासातूनही तोच बाहेर पडतो, पण तो झाडांनी हवेतून घेतलेला, आपण भातातून खाल्लेला, पुन्हा झाडांकडे जाणारा. त्याची काळजी नको. कोळसा आणि ज्यातून डिझेल निघतं ते तेल मात्र माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून जमिनीत गाडलेले. ते जाळले की गाडून ठेवलेलं सगळं एकदम वर येतं आणि पृथ्वीवर घोंगडी पांघरल्यासारखं होतं. उष्णता अडकते. म्हणून आता लोक तो वायू पकडून परत गाडायची खटपट करतायत.

"दिसणा नाय तो पकडतले कसो?" म्हातारीने विचारलं.

मला तेच हवं होतं. मी निवळीची बाटली वर धरली, ग्लासात ओतली, काचेची नळी घातली आणि सांगितलं, आता बघा, पांढरं होईल. फुंकलं. बुडबुडे आले. पाणी तसंच. परत फुंकलं. पुन्हा फुंकलं. कान तापले, डोळ्यांपुढे चांदण्या आल्या. पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ.

म्हातारी म्हणाली, "वारो संपलो तुझो."

माणसं हसली. सरांनी कपाळाला हात लावला, मग एकदम त्यांचे डोळे मोठे झाले. खिशातलं पेन काढून त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि माझ्यापुढे नाचवलं. मी मोठ्याने वाचलं, "चुना जुना. कपाटातली हवा पिऊन बसलाय."

वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या डब्याचं झाकण कित्येक महिने सैल होतं. मीच म्हणायची, बदलूया कधीतरी. तो चुना कपाटात बसून एवढे दिवस हवेतला वायू घोट घोट घेत होता. आता त्याच्यात जागाच उरली नव्हती. म्हणजे जे दाखवायला आम्ही मालवणहून आलो होतो ते कपाटात आधीच होऊन गेलं होतं. कार्बन पकडून झाला होता, साठवून झाला होता, आणि पहारा करणारीला पत्ता नाही.

तेव्हा ते हसू आलं. मी खूप आवरलं. ओठ चावला, देवाकडे पाहिलं, मेलेली माणसं आठवली. काही उपयोग झाला नाही. मी खांबाला धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसताच सगळं सांगितलं. तुटक तुटक सांगितलं, पण त्यांना कळलं, कारण पुढच्या रांगेपासून हसणं मागे पसरत गेलं आणि दारातल्या चपलांपर्यंत पोचलं. सर आवाज नसलेलं हसत होते. खांदे हलत होते आणि आवाज सायकलच्या ट्यूबचा.

जरा शांत झाल्यावर बोटीवरचे काका म्हणाले, "खाडीर चुन्याची भट्टी होती तेव्हा आमी बघूक जायचो. शिंपले भाजल्यार हलके होयत."

"हलके कशान झाले?" मी विचारलं.

ते थांबले. "तोच वायू गेलो?"

"तोच. भट्टीत गेलो, म्हणान चुनो झालो. आता हवेतलो परत घेतल्यान, म्हणान तो परत शिंपल्यासारखो झालो."

काकांनी मांडीवर थाप मारली. एवढं सोपं उत्तर आपल्याला सत्तर वर्षं कोणी दिलं नाही, असं काहीतरी ते पुटपुटले.

म्हातारीने कमरेची चंची सोडली आणि पानाच्या चुन्याची डबी माझ्यापुढे धरली. "ह्यो ताजो आसा. काल आणलंय."

तो चुना मी पाण्यात ढवळला, पण तो खाली बसेपर्यंत पाव तास थांबायला हवं होतं. एवढा वेळ करायचं काय? मग मी त्यांनाच विचारलं, की हा वायू पकडायचा तर कुठे पकडावा, उघड्या हवेत की कारखान्याच्या चिमणीत?

म्हातारी म्हणाली, "खाडीच्या तोंडार जाळा लाव. भर दर्यात एकेक मासो खंय शोधतलंस?"

मी तिला नमस्कारच केला. हवेत तो वायू अगदी थोडा असतो, चिमणीत दाट असतो. हवेतून पकडणारी यंत्रंही आहेत, पण चिमणीतून सोपं. चिमणीचा धूर एका द्रवातून सोडतात. तो द्रव थंड असला की वायूला धरतो, तापवला की सोडतो. मग शुद्ध वायू वेगळा काढता येतो आणि तोच द्रव पुन्हा कामाला लागतो.

मागून एका बाईचा आवाज आला, "आमच्या घरातलो माणूस तापल्यार धरता आणि थंड झाल्यार सोडता."

पुन्हा हशा. मी सांगितलं, की तापवायला इंधन लागतं, म्हणून हे काम फुकटात होत नाही, आणि म्हणूनच अजून सगळे करत नाहीत. पकडलेला वायू दाबून दाबून पाण्यासारखा दाट करतात आणि जमिनीत खूप खोल, किलोमीटरभर किंवा त्याहून खाली सोडतात. तिथे जांभ्यासारखा भोकाभोकांचा दगड असावा लागतो, आणि त्याच्यावर अजिबात न झिरपणाऱ्या दगडाचं झाकण. घाटात असतो तसला काळा कातळ खाली मिळाला तर आणखी वेगळी गंमत होते. त्या दगडाशी मिळून वायूचाच हळूहळू दगड होतो.

काका खुर्चीत पुढे सरकले. "बाई, माझी अर्धी जिंदगी बोटीच्या इंजिनात गेली. आमच्या बोटीर एक खोली आसायची, ह्याच वायूच्या बाटल्यांची. आग लागली की घंटी वाजता, सगळ्यांनी भायर पळूचा. मगे तो वायू सोडतत. आग मरता, आणि भुतूर रवलेलो माणूसय मरता. तुमी तो जमनीत भरलात, आणि उद्या तो वर इलो तर?"

हा प्रश्न बारा पानांत होता की नाही मला ठाऊक नव्हतं. सरांना ठाऊक असणार, पण एवढं उत्तर चिठ्ठीवर मावलं नसतं.

"माका म्हायत नाय," मी म्हटलं. "शिकान घेतंय आणि तुमका येवन सांगतंय."

काकांनी मान डोलावली. मला वाटलं होतं लाज वाटेल. पण 'माहीत नाही' म्हणताना अंगातून एक हलकी लहर गेली, झोपाळा वर जाऊन क्षणभर थांबतो तशी.

तोवर निवळी तयार झाली. फडक्यातून गाळून चहावाल्याकडच्या काचेच्या ग्लासांत थोडी थोडी घेतली. काचेची नळी एकच होती, म्हणून कोणीतरी परसातून पपईची पानं आणली. त्यांच्या देठाच्या पोकळ नळ्या केल्या. मी बजावलं, फुंकायचं, ओढायचं नाही. पहिला मान चुन्याच्या मालकिणीचा. तिने पान थुंकलं, चूळ भरली, देठ तोंडात धरला आणि फुंकलं. ग्लासात धुकं उतरलं. मग ते दाट झालं. मग पांढरं फेक.

ती ग्लासाकडे बघत राहिली. "दूध झाला," ती हळूच म्हणाली. "माझ्या श्वासाचा."

त्यानंतर मला कोणी बोलू दिलं नाही. सगळ्यांना फुंकायचं होतं. ग्लास कमी पडले, पपईचं झाड बोडकं झालं. देवळाचे पुजारीही सोवळं सावरत येऊन फुंकून गेले. काका सगळ्यांत जोरात. दमसास खलाशाचा, ते थांबेचनात. आणि त्यांच्या ग्लासातलं दूध पातळ होत होत चक्क परत पाणी झालं.

"सुटलो," कोणीतरी म्हणालं.

हे मात्र मला येत होतं. अठरा वर्षं अशा परीक्षानळ्या मीच धुतल्या होत्या. वायू फार झाला की पांढरं झालेलं पुन्हा विरघळतं. सुटला नाही, पाण्यात लपला. मी म्हटलं, "दर्याचाय तसाच आसा. हवेतलो ह्यो वायू दर्यो पिता. फार पिलो तर शिंपल्यांक आपली कवची करूक कठीण जाता."

म्हातारीने हातातला ग्लास खाली ठेवला. "तिसऱ्यांक? कालवांक?"

"होय."

बाजूच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खाडीत उतरून तिसऱ्यांचे शिंपले काढणाऱ्या त्या बायका. त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती.

सरांनी तेव्हा सोड्याच्या खोक्याकडे बोट दाखवलं, आणि मला त्यांचा बेत कळला. वापर. पकडलेला वायू पुरायचाच असं नाही, वापरताही येतो. सोड्यात तोच असतो. मी एकेक गोटी दाबत गेले, फस्स फस्स करत बाटल्या उघडल्या आणि रांगेरांगेतून फिरल्या. मी सांगत होते, युरिया करायला लागतो, आग विझवायला लागतो, सिमेंटच्या विटा पक्क्या करायला लागतो. विटेत गेला की तिथेच राहतो. सोड्यात गेला तर घर गाठायच्या आत परत येतो.

"परत कसो येता?" म्हातारीने विचारलं.

आणि नेमक्या त्याच वेळी, सकाळपासून ज्यांच्या गळ्यातून एक अक्षर निघालं नव्हतं त्या आमच्या सरांनी, अर्धी बाटली एका दमात प्यालेल्या सरांनी, ढेकर दिली. स्वच्छ, खणखणीत, घुमटापर्यंत गेलेली.

त्यानंतर सभा झाली असं म्हणता येणार नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. काकांच्या डोळ्यांवर चष्मा राहीना. मी खाली फरशीवर बसले आणि बसूनच राहिले. त्या हसण्यात मी एकटी नव्हते, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं हसू योग्य वेळी आलं होतं.

परतताना सूर्य कलला होता. रिक्षात सर मागे, मी त्यांच्या बाजूला, मांडीवर रिकामा खोका. नवरा आरशातून बघत म्हणाला, "भायर उभो होतंय. सगळा ऐकलंय."

"मगे?"

"ता काळ्या कातळाचा परत एकदा सांग. तेवढा कळूक नाय."

मी ते त्याला मालवण येईपर्यंत सांगितलं. दोनदा. सर डोळे मिटून ऐकत होते आणि मी चुकले की माझ्या कोपराला बोट लावत होते.

सरांचा आवाज चार दिवसांनी परतला, तेव्हा मी त्यांच्याकडे काकांचा प्रश्न घेऊन गेले. आम्ही दोघांनी बसून पुस्तकं काढली. पुढच्याच रविवारी मी आचऱ्याला काकांच्या माडांखाली बसून सांगितलं: जागा निवडताना झाकणाचा दगड तपासतात, तेलासाठी खणलेल्या जुन्या विहिरी आणि भोकं शोधून बुजवतात, वायू भरल्यावरही वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. नीट निवडलेल्या जागी धोका कमी, पण नाहीच असं कोणी म्हणू नये. काकांनी सगळं ऐकलं, शहाळं फोडून दिलं आणि म्हणाले, "कोण नाहीच म्हणाला असता तर माका पटला नसता."

कॉलेजने मग मला पाठवायचंच ठरवलं. इन्सुलीला बोलले तेव्हा समोर ट्रकवाले होते. त्यांना त्यांच्या ट्रकचा धूर पकडायचा होता. ते जमणार नाही, धावत्या गाडीला एवढं यंत्र लावता येत नाही, असं सांगितल्यावर ते जरा नाराज झाले. दोडामार्गला काजूच्या कारखान्यातल्या बायका होत्या. काजूच्या टरफलांनी काळे झालेले हात मांडीवर ठेवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि एक तरणी बाई म्हणाली, "एवढा पकडूचा, गाडूचा, त्यापेक्षा धूर पयलोच कमी केलो तर?"

"तोच पयलो उपाय," मी म्हटलं. "ह्यो उपाय दुसरो. सिमेंटसारख्या कामात आगीचो धूर थांबवलो तरी दगडातसून वायू सुटताच. थय ह्येचो उपयोग."

"मगे ता आधी सांगाक होया होता," ती म्हणाली.

खरंच सांगायला हवं होतं. पुढच्या गावापासून मी तिथूनच सुरुवात करायची ठरवली, आणि विसरू नये म्हणून तिच्यासमोरच वहीत लिहून घेतलं. निघताना त्या बायकांनी केळ्यांचा अख्खा घड माझ्या मांडीवर ठेवला. एसटी वळणावळणाने उतरत होती, घड एकदा उजव्या शेजारणीच्या अंगावर जात होता, एकदा डाव्या शेजारणीच्या, आणि तिसऱ्या वळणाला आम्ही तिघीही केळी सोलायला बसलो.